सगळ्यांची जेवणं झाल्यावर

मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही. जेवायचाही नाही. जेवायला नेमकं कधी बसायचं, तेच मला कळत नाही. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून सांगत नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या पोरीला एकदा सांगून पाहिलं, तर ती लॅपटॉपवरची नजर न काढता पोह्यांचा घास घेत म्हणाली, "काकू, भूक लागली की खायचं. त्यात काय कळायचंय?"

तिचं बरोबरच आहे. पण मी रहिमतपूरजवळच्या एका शेतकरी घरात सून म्हणून गेले, तेव्हा आपली भूक आणि आपलं जेवण यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसायचा. आधी पुरुष, मग पोरं, मग कुणी आला-गेला, मग सासूबाई. हात धुऊन सासूबाई विचारायच्या, "समद्यांचं झालं का?" आम्ही जावा म्हणायचो, "झालं." मग आमची ताटं. त्या समद्यांत आम्ही नव्हतो, हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. पुरुषांच्या पंगतीतून "आमटी हाय का अजून?" असा आवाज आला की भगुल्याचा तळ दिसत असला तरी "हाय की, लय हाय" म्हणायचं.

मी शिकलेली होते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. महिला दिनाला शाळेत समानतेवर भाषण ठोकायचे आणि संध्याकाळी घरी येऊन दाराआड उभी राहायचे, कुणाला भाकरी हवी-नको बघत. स्वतःचाच संताप यायचा. पण खोटं कशाला बोलू, त्या मागच्या पंगतीसारखं सुख मला पुढं कुठं मिळालं नाही. चुलीपुढं आम्ही तिघी जावा. कुणाची तरी नक्कल, कुणाची तरी चहाडी, हसून हसून ठसका लागायचा. तेवढा वेळ घरातलं कुणी आम्हाला हाक मारायचं नाही.

यांचं झालं की मी यांच्याच ताटात जेवायचे. तेव्हा तशीच पद्धत होती. यांची एक खोड होती. कितीही राबून आलेले असोत, ताटात अर्धी भाकरी ठेवूनच उठायचे. मटण असलं तर एखादी चांगली फोडही राहिलेली असायची. सासूबाई करवादायच्या, "टाकायचंच हुतं तर घेतलंस कशाला रं?" हे म्हणायचे, "पोट भरलं," आणि हात धुवायला जायचे. मलाही राग यायचा. आधीच अंगात मांस नाही, त्यात हे असं खाणं.

पुढं वाटण्या झाल्या, तिघींच्या तीन चुली झाल्या. हेही गेले. मुलगा फौजेत आहे, सुभेदार. सून नोकरीमुळं नातवाला घेऊन पुण्यात असते. दवाखाना जवळ असावा म्हणून मुलानं मला मलकापुरात हा फ्लॅट घेऊन दिला. ऊन येतं, पाणी चोवीस तास, तक्रारीला जागा नाही. फक्त दुपारी भाकऱ्या टोपल्यात पडल्या की मी ओट्याला टेकून उभी राहते आणि वाट बघते. कुणाची, ते मलाही माहीत नसतं.

सुरुवातीला मी गेटवरच्या वॉचमनला गाठायचे. पिशवी घेऊन उगाच खाली जायचं आणि विचारायचं, "झालं का जेवण?" तो म्हणायचा, "व्हय मावशी, आत्ताच डबा खाल्ला." मग मी वर येऊन बिनघोर जेवायचे. तो बदलून गेला. नवा कानात वायरी घालून बसतो. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की परत विचारायचा धीर झाला नाही.

मग मुलाच्या फोनचा आधार झाला. दुपारी तो चौकीवरून खाली येतो, तिथं रेंज मिळते. मी आधी विचारायचे, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो." फोन ठेवला की मी ताट घ्यायचे.

या हिवाळ्यात त्याचा फोन यायचा बंद झाला. बर्फ पडलं की असं होतं, सून पुण्याहून सांगायची, काळजी करू नका. काळजी वेगळी. मला घासच घेववत नव्हता. चार वाजले की ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास कोंबायचे, कधी नुसता चहा. एका दुपारी दूध घ्यायला दार उघडलं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. शेजारच्या पोरीनं धरलं, म्हणून पडले नाही. तिनं दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर उतरलीय, शुगरच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलात तर एक दिवस घरात पडाल आणि कुणाला कळणारही नाही. त्या पोरीनं माझ्या नकळत मुलाला निरोप धाडून ठेवला.

रेंज आल्या आल्या त्याचा फोन आला. मी नेहमीसारखं विचारलं, "जेवलास का?"

"न्हाई. तू जेवलीस का?"

"व्हय."

"खोटं बोलू नगंस, आई. काय खाल्लंस सांग."

मला भाजीचं नावही सुचेना.

"तू जेव. मग मी जेवतो," तो म्हणाला.

"आधी तू. उन्हातान्हाचा, थंडीवाऱ्याचा माणूस तू."

"माझी चौकीवरची पोरं जेवायची हायत अजून. त्यांचं समद्यांचं झालं, की मग मी."

"अरं, पण तू साहेब हायस न्हवं त्यांचा?"

"म्हणून तर."

आमच्या घरात ज्यांचा शब्द चालायचा नाही, त्या शेवटी जेवायच्या. त्याच्या तिथं ज्याचा शब्द चालतो, तो शेवटी जेवतो. हे फौजेनं शिकवलं, की लहानपणी आमच्या मागच्या पंगतीत मांडीवर बसून तो शिकला, मला माहीत नाही. छाती भरून आली आणि रागही आला.

"फोन ठेवू नगंस," तो म्हणाला. "बाजूला ठेव आणि ताट घे. मी थांबलोय."

मी ताट घेतलं. मेथी आणि भाकरी. फोन पाटाशेजारी ठेवला. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. जन्मात पहिल्यांदा माझ्यामागं कुणीतरी जेवायचं राहिलं होतं. मला वाटायचं, हे सुख असेल. पण घास तोंडात फिरायला लागला, खाली उतरेना. पोरगं थंडीत उपाशी उभं आहे, आणि मी खायचं? आमच्या घरची माणसं कशी जेवायची? दाराआड आम्ही उभ्या असायचो, बांगड्या वाजायच्या, त्यांना ऐकू तर येत असणारच.

आणि तेव्हा मला यांची ती अर्धी भाकरी आठवली.

"खातीयास न्हवं?" फोनमधून आवाज आला.

"व्हय," मी म्हणाले. रडत रडत अर्धी भाकरी खाल्ली. पुढं जाईना.

"झालं माझं," मी म्हणाले. "पोट भरलं. तू जेव आता."

फोन बंद झाला. मी हात धुतले आणि परत येऊन ताटाकडं बघत बसले. अर्धी भाकरी तशीच होती. त्या ताटात माझ्यामागून जेवायला कुणी नव्हतं.