बेसच्या खोक्यावरचा हात

भाड्यानं स्पीकर लावणाऱ्या त्या गृहस्थांचं नाव मी कधी विचारलं नाही. कानांनी ते अधू होते. आमच्या हौशी बँडचा कार्यक्रम असला की बेसच्या स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवून, डोळे मिटून शेवटपर्यंत उभे राहत.

बेस गिटार माझा धाकटा भाऊ वाजवायचा. तो वारल्यावर ती मी गळ्यात घातली. बिडकीनच्या एका लग्नात पहिल्यांदा वाजवायला उभा राहिलो. तिसरं गाणं त्याचं आवडतं. ते सुरू झालं आणि माझी बोटं हलेचनात. गाणं संपेपर्यंत मी नुसता उभा होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. बेसकडं लक्ष देतं कोण?

वायरी गुंडाळताना ते स्पीकरवाले जवळ आले. भाऊ गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"सर, धाकले न भेटताच गेले व्हय?"

"तो कधी आला होता?" मी मोठ्यानं विचारलं.

"तिसऱ्या गाण्याला तेच होते की. तुमचा हात लई कच्चा हाय अजून," ते हसले. "त्यांचा तालाच्या जरा मागनं येतो. तसाच आला हाताला."

भाऊ तसाच वाजवायचा.

आता प्रत्येक कार्यक्रमात ते गाणं घ्यायला लावतो, आणि तेवढा वेळ तारांना हात लावत नाही.