विटलेली आंब्याची डाळ

लेकीच्या सासरची माणसं वैशाखात जेवायला यायची होती. मुरबाडचं एक लग्न उरकून, रविवारी भर दुपारी, नऊ जण. अशा उन्हात पाहुणे ताटावर बसलेले असताना पुऱ्या तळत उभं राहणं मला पटत नाही. माझी पद्धत ठरलेली आहे. तिखट आणि गार, आणि जमेल तेवढं आदल्या दिवशी. दहीभातासाठी भात दुधात कालवून ठेवायचा, दही आणि सांडगी मिरचीची फोडणी सकाळी. मठ्ठ्याचं आलं-मिरचीचं वाटण तयार. काकडी मात्र ऐनवेळी, नाहीतर पाणी सुटतं. आणि आंब्याची डाळ, म्हणजे हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात कैरीचा कीस, हिरवी मिरची, वरून फोडणी. ती मुरली की जास्त चांगली लागते, म्हणून तीही आदल्या दिवशीच.

हे सगळं मी कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला चिकटवते. पदार्थापुढे वेळ, झाला की खूण. किन्हवलीत आमच्या आळीत कोणाकडे कार्य असलं की बायका माझा कागद मागायला येतात. मला त्याचा अभिमान होता आणि तो मी लपवतही नसे.

मदतीला गावाबाहेरच्या वाडीवरून एक मावशी येतात. बारा वर्षं झाली. त्या शनिवारी डाळ त्यांनीच वाटली, कैरी मी किसली.

"ताई, ही उद्या सकाळी वाटली तर नाय चालणार? ऊन बगा कसलं हाय."

"सकाळी किती कामं आहेत, मावशी. कागद बघा जरा."

"मला कुठं वाचता येतं. तुमी वाचा नि मला पळवा."

दोघी हसलो. मावशींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला शेणव्याहून माहेरी आली होती, सातवा महिना लागला होता. हे त्यांनी मला चार दिवसांपूर्वीच सांगितलं होतं.

दुपारी मी राहिलेल्या सामानासाठी शहापूरला गेले. परत आले तर वीज नव्हती. शेजारीण म्हणाली, एकला गेली. ती सातला आली. फ्रीज उघडला तर आत नुसती कोंदट हवा. दूधभात नासला होता, तो गुरांना घातला आणि सकाळसाठी नवा भात कागदावर लिहिला. डाळ तशीच ठेवली. ती आंबटच असते, म्हटलं.

सकाळी झाकण काढलं आणि वास आला. चमचाभर खाऊन पाहिली. कैरीचा आंबटपणा कुठला आणि दुसरा कुठला, ते ठरवत बसले. खरं तर ठरवण्यासारखं काही नव्हतं. तरी मी आणखी एक फोडणी केली. मोहरी, भरपूर हिंग, चार सुक्या मिरच्या. ती वर ओतल्यावर वास दबला. पुन्हा चाखली. मग मात्र धीर झाला नाही. डाळ डब्यात भरून ओट्याच्या कडेला सरकवली आणि कागदावरून खोडली.

जेवणं छान झाली. विहीणबाई मठ्ठ्याचा तिसरा पेला घेत म्हणाल्या, "तुमच्या मठ्ठ्यानं कान तापतात आणि पोट गार होतं. आमच्या सुनेला हे शिकवलं नाहीत वाटतं?" लेक म्हणाली, "शिकवलंय, पण तुम्ही तिथे मिरची कुठे घालू देता?" सगळे हसले. मीही हसले.

भांडी घासून मावशी निघाल्या तेव्हा मी तो डबा त्यांच्या हातात दिला. "आजच संपवा हं," म्हटलं. एवढी निगुतीनं केलेली डाळ टाकवत नव्हती, हे खरं आहे. पण त्याखाली आणखी एक विचार होता आणि तो मला आजही नीट आठवतो. वाडीवरच्या पोटांना चालेल.

सोमवारी मावशी आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. निरोप न देता त्या कधी राहत नाहीत. बुधवारी सकाळी मी वाडीवर गेले. मावशी दारात तांदूळ निवडत होत्या. आत गोधडीवर मुलगी पडली होती, तोंड सुकलेलं.

"येता नाय आलं, ताई. रविवारच्या रातीपासून पोरीला उलट्या नि जुलाब. सोमवारी दवाखान्यात नेली, सलाईन लावली. मंगळवार सकाळपर्यंत पोटात बाळ हललं नाय."

"आणि आता?"

"आता हलतंय. डॉक्टरीण बोलली, आठ दिवसांनी परत दाखवा. ऊन बाधलं, दुसरं काय."

"ऊन नाय गो, आये," आतून मुलगी म्हणाली. "ती डाळ. मी सांगत होते, हिंगाखाली कसलातरी वास येतोय."

"गप. ताईंकडचं खराब नसतं. सगळं टायमावर, लिहून करतात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोटुशीला सगळ्याचाच वास येतो. खाईच ना, मग मीच घास भरवले."

मी तेव्हा गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. गप्प राहायचं मनात आलंही होतं.

"मावशी, डाळ विटली होती," मी म्हटलं. "मला सकाळीच कळलं होतं. म्हणून पाहुण्यांना वाढली नाही."

त्यांचा हात सुपात थांबला. "म्हणून नाय वाढली," त्या हळू म्हणाल्या. मुलगी माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. सूप बाजूला ठेवून मावशी म्हणाल्या, "सांगितलं असतं तर कोंबड्यांना घातली असती. नाय बोलले नसते तुमाला, नेली असती. पण तिला भरवली नसती."

दवाखान्यात दाखवायला मी गाडी आणते, म्हटलं. "बघू," म्हणाल्या. आठ दिवसांनी त्या एसटीनंच गेल्या.

बाळ दिवस भरून झालं, मुलगी, ठणठणीत. मावशी अजून माझ्याकडे येतात. पहिल्यासारखंच बोलतात, कागदावरून टोमणेही मारतात. घरी न्यायला काही दिलं की मात्र माझ्यासमोरच झाकण उघडतात, डबा नाकाजवळ नेतात, सावकाश वास घेतात आणि मग पिशवीत ठेवतात. तेवढा वेळ मी उभी राहते.