उष्टी बासरी

हे आजवर माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मध्येच "अगं, एवढं काय त्यात" म्हणणार नाही. ते वाक्य मला नको आहे. मी स्वतःला ते बरेचदा म्हणून पाहिलंय.

मंगला आणि मी अमरावतीत एकाच गल्लीत राहायचो आणि संध्याकाळी एकाच सरांकडे बासरी शिकायचो. दोघीही चाळिशीच्या. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, ती घरी ब्लाउज शिवायची. मुलं शाळेत जाती झाली आणि एकदम वाटलं, आपलंही काहीतरी असावं. दोन वर्षं आम्ही शिकाऊ बासरीवर काढली. मग सर म्हणाले, परीक्षेला बसायचं तर आता जरा बरी बासरी घ्या, पांढरी तीनच्या पट्टीची.

बरी म्हणजे किती बरी? मैफलीत वाजवतात तसली आमच्या आवाक्याबाहेर. जत्रेतली घेऊन उपयोग नाही. सरांच्या भाषेत आम्हाला 'मधली' हवी होती. मधल्या बासरीचं एक असतं बघा – तिथे नशीब लागतं. एकाच किमतीच्या दहा बासऱ्यांत एखादी अशी निघते की कारागिराला स्वतःलाच कळलेलं नसतं आपण काय करून ठेवलंय. बाकीच्या नुसत्या वाजतात.

अकोल्याला मंगलाचं माहेर. तिथे एका वाद्यांच्या दुकानात बाहेरगावचा माल येतो, असं तिच्या भावाकडून कळलं. बडनेऱ्याहून गाडी पकडून गेलो. मंगलाचं घर माळकरी, उष्ट्या-खरकट्याचं तिला फार. चालत्या गाडीत बाटली वर धरून पाणी प्यायची, मूर्तिजापूर येईपर्यंत अर्धं पाणी पदरावर. पण बाटलीला तोंड लावेल तर शपथ! मी तिला यावरून फार चिडवायचे.

दुकानदाराने आमच्या बजेटच्या सहा बासऱ्या काढून दिल्या आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. मंगलाने हात जोडले. "माह्या कानाले काय समजते वो? तूच पाह्य. तू म्हणशीन तीच घेतो. तू तं घरचीच, तुह्यं उष्टं चालते मले."

मोबाइलवर तानपुरा लावला. सगळी भोकं बंद करून आधी खालचा पंचम, मग फुंक वाढवून वरचा. चार बासऱ्या लगेच बाजूला पडल्या. पाचवी ठीक होती, पण तिचा वरचा पंचम उतरलेला – थोडासाच, पण तानपुऱ्यापाशी लपत नाही. आणि सहावी... सहावी मी ओठाला लावली आणि काढवेना. खालचा सूर भरीव, वरचा हलक्या फुंकेत येणारा. अशी एकच होती, आणि आम्ही दोघी.

मी काय करायला हवं होतं? चिठ्ठ्या टाकायच्या. निदान खरं सांगायचं, की एक चांगली आहे आणि एक नाही. एवढं अवघड होतं का?

मी म्हणाले, "ही आवाजाले बरी हाये. पण उष्टी हाये वो. कोणाची तरी वापस आलेली दिसते, तोंडापाशी पाह्य ना कशी झाली."

तोंडापाशी काहीही नव्हतं. बांबूचा नेहमीचा डाग होता. आणि प्रत्येक बासरी कारागिराने फुंकून, भोकं घासून, पुन्हा फुंकूनच सुरात आणलेली असते, म्हणजे दुकानातली एकूण एक बासरी उष्टीच. हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. तिने हात मागे घेतला.

"मंग तू?"

"मले चालते. मी कॉलेजच्या कँटीनमधल्या कपात चहा पेते."

पाचवी तिने घेतली, सहावी मी. परतीच्या गाडीत तिने माझा हात धरला. "माह्यासाठी तू उष्टी घेतली," म्हणाली. डोळे भरले होते तिचे. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

इथेच थांबता आलं असतं तर कबुली लहान झाली असती. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

क्लासमध्ये मंगलाचा वरचा पंचम लागेना. सर म्हणायचे, फुंक कच्ची आहे; उष्टी होईल म्हणून तिची बासरी ते कधी वाजवून पाहायचे नाहीत. ती पहाटे उठून दम वाढवायला लागली. मी – हो, मीच – तिला श्वासाचे व्यायाम दाखवायला जायचे. वर्षभर हे चाललं. मग एक दिवस ती बासरी घेऊन माझ्याकडे आली. "मले वाट्टे, हिच्यातच काही खोट असन. तू वाजवून पाह्य बरं."

तिने बरोबर ओळखलं होतं. कान चांगला होता तिचा, माझ्यापेक्षाही चांगला असेल.

उतरलेला सूर चढवायची एक युक्ती असते. बासरी ओठांवर किंचित बाहेर फिरवायची, फुंक थोडी रेटायची. समोरच्याला दिसतही नाही. मी तेच केलं. तानपुरा चालू होता आणि तिच्या बासरीवर मी पंचम असा लावला की तो तिथेच बसला. दोनदा लावला. मग बासरी तिच्या हातात दिली. "वाजते ना. मस्त वाजते."

मंगलाने बासरी पिशवीत घातली. "मंग माह्यातच खोट हाये," म्हणाली.

मी नाही म्हणाले नाही. "रियाज कर," म्हणाले.

भीती वाटली म्हणून? बासरी हातची जाईल म्हणून? त्या वेळी मला भीतीही वाटली नव्हती. मला बरं वाटलं होतं. हे सगळ्यात वाईट, आणि हेच मी इतकी वर्षं कुणाला सांगू शकले नाही. ती परीक्षेला बसली नाही. मी बसले, पहिल्या वर्गात आले. तिने पेढे आणले होते.

पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते अकोल्याला गेले. आमचं जाणं-येणं टिकून आहे. ती मला अजूनही मोठी बहीण मानते.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिची धाकटी, नववीतली, मागेच लागली होती – बासरी शिकायची म्हणून. मंगला पोहे परतता परतता म्हणाली, "काहून हट्ट करून राहिली? आपल्या घरात फुंकच नाही, बाई. मावशीले विचार."

पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ, तिची बोटं – मी आता संध्याकाळी मुलांना बासरी शिकवते, आणि शिकवणाऱ्या माणसाला पाहताच कळतं. मला कळलं.

मी म्हणाले, "पेटी शिक. पेटीले फुंक नाही लागत."

आता ती पेटीच्या क्लासला जाते.