मिस्त्रींची पुढची सीट

तमाम नागरिकांना, विशेषतः जळगाव व धुळे जिल्ह्यांतल्या चारचाकीधारकांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या गाडीच्या इंजिनात केळीचं सोपट बांधलेलं असतं. ते घाण नव्हे. ते कोणीही, कोणत्याही नात्याच्या हक्काने, काढून फेकू नये. फेकल्यास होणाऱ्या परिणामांस सदर नातेवाईक व्यक्तिशः जबाबदार राहील. हुकुमावरून.

हुकूम माझा. माझं वय त्रेपन्न, मी जळगावात शाळेत गणित शिकवते, आणि ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की घरचे लोक पहिल्याच वाक्याला पाणी प्यायला उठतात. उठू देत. माझा राग अजून ताजा आहे.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गोल दिव्यांची, पांढरी, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील आणि उसासा टाकतील. मी याच गाडीवर चालवायला शिकले. भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्याने तिला कधी हात लावला नाही, कारण त्या वयात त्याला मोटारसायकल हवी होती. नाना गेले तेव्हा गाडी कागदोपत्री त्याच्या नावावर झाली. "मुलीच्या नावावर गाडी कशाला?" असं कोणीतरी म्हणालं आणि मी संमतीची सही केली. चहा पिता पिता केली. त्या चहाचाही मला अजून राग येतो.

कागद भावाबरोबर धुळ्याला गेले, जिथे त्याचं फरशीचं दुकान आहे. गाडी माझ्याकडे जळगावात राहिली, आणि गाडीबरोबर मिस्त्री.

मिस्त्री सत्तरीला टेकलेले. मूळचे एरंडोलकडचे, त्यामुळे बोलणं अहिराणी, आणि तेही मोजकं. बस स्टँडमागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज. नानांनी गाडी घेतली त्या वर्षापासून तिला दुसऱ्या कोणाचा पाना लागलेला नाही. त्यांची एक रीत होती: ते या गाडीत पुढे बसत नसत. काम झालं की चाचणीला निघायचं, नाना चालवणार, मिस्त्री मागच्या सीटवर हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन कान देऊन बसणार. बोदवडपर्यंत जायचं, तिथे चहा घ्यायचा, परत. मग आम्ही सगळे त्या गाडीतून फिरायला जायचो. गाडी काश्मीर बघून आली, कन्याकुमारी बघून आली. मिस्त्रींनी बोदवड बघितलं.

नानांना हे शेवटी शेवटी खुपायला लागलं होतं. "आता पुढचा लांबचा प्रवास तुम्ही आणि मी, आणि तुम्ही पुढच्या सीटवर," असं ते म्हणाले होते. मिस्त्रींनी मान हलवली. त्यानंतर दोन महिन्यांत नाना गेले.

म्हणून मागच्या वर्षी जुन्या गाड्यांच्या एका क्लबची जाहिरात मी पाहिली तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. धुळ्याहून निघायचं, सुरत, उदयपूर, उज्जैन करून तीन दिवसांत परत धुळ्यात. गाडी जुनी हवी, मूळ इंजिनाची हवी, वाटेत ओढून न्यावी लागली तर बाद. गाडीत दोनच माणसं. मी गॅरेजमध्ये गेले आणि म्हटलं, "मिस्त्री, मी चालवणार आणि तुम्ही पुढे बसणार."

मिस्त्रींनी हात पुसले. पुन्हा पुसले. "उदयपूरले तलाव शे ना, ताई?" एवढंच विचारलं.

सहा महिने आम्ही गाडी तयार केली. रेडिएटर उघडून आतून साफ केला. ब्रेकचं सगळं रबर बदललं. मिस्त्रींनी मला दुपारी दोन वाजता, कडक उन्हात, पंख्याचा पट्टा बदलायला लावला आणि स्वतः सावलीत बसून म्हणाले, "आखो एक डाव." पुन्हा एकदा. मी सातवीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावते त्याच सुरात. चौथ्या वेळी मला जमलं. हाताला फोड आले होते आणि मी राणीसारखी घरी गेले.

आता ते सोपट. या गाडीला खानदेशच्या उन्हात एक आजार होतो. टाकीतून पेट्रोल खेचणारा छोटा पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफेवर गाडी चालत नाही. भर रस्त्यात बंद पडते. लोक त्यावर ओलं फडकं टाकतात. आमच्याकडे मार्चमध्येच ते अर्ध्या तासात खडखडीत वाळतं. मिस्त्री मात्र यावलहून केळी घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याकडून केळीच्या खोडाची सालं मागवतात. ते सोपट. जाड, आतून जाळीसारखं, पाण्याने भरलेलं. ते पंपाभोवती सुतळीने बांधायचं. जळगाव ते इंदूर ओलं राहतं. नाना म्हणायचे, याचं पेटंट घ्या. मिस्त्री म्हणायचे, केळीनं घ्यावं.

फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा क्लबचा नियम कळला: गाडी ज्याच्या नावावर, तो गाडीत हवा, किंवा त्याचं संमतीपत्र हवं. मी भावाला फोन केला. दोन ओळी लिहून दे, म्हटलं.

"संमतीपत्र कशाला?" भाऊ म्हणाला. "मीच येतो ना."

"तू?"

"गाडी माझीच आहे. मी चालवेन, तू शेजारी बस. तुला गाडीची माहिती आहे, बिघडली तर बघशील."

"भाऊ, तुला ही गाडी चालवता येत नाही."

"मी वीस वर्षं गाडी चालवतोय."

"पण मिस्त्रींना सांगितलंय मी. नानांनी कबूल केलं होतं."

"अगं, त्यांना आपण चांगला शर्टपीस देऊ."

शर्टपीस! मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळपाट इतक्या जोरात आपटला की शेजारच्या काकू विचारायला आल्या. मग तरातरा गॅरेजमध्ये गेले. वाटलं होतं, मिस्त्रीही चिडतील, आम्ही दोघं मिळून चिडू, मजा येईल. ते प्लग पुसत होते. ऐकून घेतलं. म्हणाले, "जाऊ द्या, ताई. मालक त्या शेतस." मालक ते आहेत.

मला भावाहून जास्त राग त्यांचा आला. सहा महिने रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी या गाडीखाली झोपलेला माणूस, आणि म्हणतो, जाऊ द्या! मी म्हटलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही?" त्यांनी प्लग उजेडात धरून पाहिला. "तलाव कुठे पळी जास?" म्हणाले. तलाव काही पळून जात नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊ जळगावात आला. सोबत फ्लेक्स होता, गाडीच्या टपावर लावायचा. त्यावर भावाचा पासपोर्टपेक्षा बराच मोठा फोटो, खाली 'मालक व चालक' म्हणून त्याचं नाव, त्याखाली शुभेच्छुकांची दोन रांगांत नावं आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'सहचालक : भगिनी'. मला नाव आहे. आमच्याच आईवडिलांनी ठेवलेलं आहे. बारशाला पेढे वाटले होते.

संध्याकाळी तो गाडी धुवायला म्हणून घेऊन गेला, म्हणजे त्याने सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलावला आणि त्या माणसाने नेली. गाडी चकचकीत होऊन आली. भाऊ बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "इंजिनसुद्धा प्रेशरने धुवून घेतलंय. काय कचरा होता आत!" मी फ्लेक्सच्या रागात इतकी बुडाले होते की कचरा म्हणजे काय हे विचारलंच नाही. ही माझी चूक. लिहून ठेवते.

सकाळी मिस्त्री शेवटची नजर टाकायला आले. बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाले, "मी एस.टी.नं येस धुळाले." धुळ्यात गाडी सुटण्याआधी एकदा पाना फिरवायचा होता म्हणे. गाडीत मागे बसता आलं असतं, पण मागे भावाच्या दोन बॅगा, फ्लेक्सची लाकडी चौकट आणि सत्कार झालाच तर असावा म्हणून कोट होता. कोटाला सीट आणि मिस्त्रींना एस.टी.! मी तोंड उघडलं, तोवर ते पेटी आणि पिशवी घेऊन चालायलाही लागले होते.

धुळ्यापर्यंत चालवायचं काम अर्थातच भगिनीकडे. भाऊ शेजारी बसून फोनवर लोकांना सांगत होता, "हो, मीच चालवतोय." मी मुद्दाम हॉर्न वाजवला. पारोळा मागे पडलं, ऊन चढलं, आणि एका साध्या चढावर गाडी दोनदा आचके देऊन थांबली.

बॉनेट उघडलं. पंप लखलखीत, कोरडा, तापून लाल व्हायचा बाकी. सोपट नाही.

"इथलं सोपट कुठाय?"

"ते कुजकं काहीतरी? तेच तर काढलं."

मी जे बोलले ते मी गणिताच्या वर्गात कधीच बोलणार नाही. रस्त्यावरून जाणारा एक मेंढपाळ थांबला आणि शेवटपर्यंत ऐकून गेला. भावाने पाण्याची बाटली पुढे केली. मी ती पंपावर ओतली. त्याला वाटलं होतं, मी पिईन. पाणी चर्र करून उडून गेलं आणि गाडी तशीच.

अर्ध्या तासाने मागून एस.टी. आली. ती आम्हाला ओलांडून गेली, मग पन्नास पावलांवर थांबली, आणि दारातून मिस्त्री उतरले. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात तीच पिशवी. पिशवीत ओलं पोतं, पोत्यात गुंडाळलेलं ताजं सोपट.

"तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडले. "सकाळी बॉनेट उघडलं तेव्हाच? आणि बोलला नाहीत?"

"मालकनी काढं व्हतं, ताई." मालकांनी काढलं होतं. म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबात विषय संपला. पण गाडी बंद पडणार हेही ठाऊक होतं, म्हणून स्टँडवर जाता जाता टेम्पोवाल्याला गाठून पिशवी भरून घेतली होती, आणि पारोळ्यापासून खिडकीतून मान बाहेर काढून बसले होते. कंडक्टर तीनदा ओरडला म्हणे.

त्यांनी सोपट बांधलं. दहा मिनिटांत गाडी सुरू झाली. कोट भावाच्या मांडीवर गेला, हे मी करून घेतलं. मिस्त्री मागे बॅगांच्या मधे, पेटी मांडीवर घेऊन बसले. आणि मुकटी गावाच्या पुढे आल्यावर भाऊ काय म्हणाला? "गाड्या सुटणार त्या मैदानात जाताना ते काढून ठेवू हं. लोक हसतील."

आरशात मला मिस्त्री दिसले. त्यांनी डोळे मिटले होते. मी वेग वाढवला.

मैदानाच्या कोपऱ्यावर भावाने मला उतरवलं. "एन्ट्री मी घेतो." मी उतरले, वळसा घालून शेजारी बसले आणि हात मांडीवर ठेवले. मला ठाऊक होतं पुढे काय आहे. क्लबचा कागद मी वाचला होता, त्याने नव्हता. पुढे जाऊन शेवटी गाडी खडूने आखलेल्या चौकोनात मागे घ्यायची होती, चालकाने, सगळ्यांसमोर. मैदानात दीडशे माणूस, माईक, टेबलावर नारळ. आत शिरताना तो कसाबसा एका गिअरवर गेला. मिस्त्री मैदानात शिरल्या शिरल्या उतरले होते, दोरीपलीकडे पेटी घेऊन उभे होते.

माईकवरून भावाचं नाव पुकारलं. टाळ्या. आता मागे.

या गाडीचा रिव्हर्स हा हट्टी प्रकार आहे. दांडा आधी नेमका ओढावा लागतो, क्लच पूर्ण खाली, थोडं थांबायचं, मग. भावाने क्लच अर्धा दाबला आणि दांडा ढकलला. खर्रर्र. पूर्ण मैदानाला ऐकू गेलं. लोकांनी कान दाबले. तो माझ्याकडे बघेना, मीही समोर बघत बसले. शपथेवर सांगते, मला आनंद होत होता. दुसऱ्यांदा, खर्रर्रर्र. गाडी पुढेच सरकली आणि बंपर टेबलाला लागला. नारळ गडगडत खाली आला.

तिसऱ्यांदा त्याने दांड्याला हात घातला तेव्हा दोरीपलीकडून धाडकन आवाज आला.

तो गिअरबॉक्स मिस्त्रींनी हिवाळ्यात पूर्ण उघडून, एकेक दाता कापडाने पुसून बसवला होता. सीट गेली तेव्हा ते बोलले नाहीत. शर्टपीस ऐकून घेतला, एस.टी. धरली, सोपट कचरा म्हणवून घेतलं. पण गिअरची ती खरखर त्यांना सोसवली नाही. पेटी जमिनीवर आपटली, दोरीखालून वाकून आले, भावाच्या बाजूचं दार सताड उघडलं. चार दशकं 'भाऊसाहेब, तुम्ही' म्हणणारा माणूस.

पुढचं सगळं मी आधी सांगून टाकते. भाऊ उतरला. टेबलापाशी जाऊन त्याने, घामाघूम, संमतीपत्राच्या दोन ओळी लिहिल्या, आणि चालक-सहचालकांची नावं बदलली. माझं नाव त्याने पूर्ण लिहिलं. फ्लेक्स निघाला, सोपट राहिलं. मिस्त्री पुढच्या सीटवर बसले, आधी अवघडून, टोकावर. सुरतेच्या रस्त्यावरच्या पहिल्या पुलापर्यंत पोचेतो, मी वाकडी वाट का घेतली हे त्यांनी दोनदा विचारलं, म्हणजे ते नीट बसले असं मी समजले. उदयपूरचा तलाव त्यांनी गाडीतून न उतरता पाहिला, कारण इंजिन गरम होतं. आम्ही शेवटून तिसरे आलो, आपल्या चाकांवर आलो.

पण धुळ्याच्या मैदानात, चालू माईकसमोर, दीडशे माणसांच्या देखत, दार धरून उभे राहून मिस्त्री गाडीच्या मालकाला जे बोलले ते एवढंच:

"उतर खाले!"