राखणदाराचा शब्द

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला फार माज होता. शाळामास्तरांचा मुलगा, वळणदार अक्षर, दौतीतली काळी शाई. आमच्या खेळाची वही त्यामुळे आपसूक माझ्याकडे आली.

खेळ विचित्रच होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट, आम्ही तेव्हा अकरावीत. बांदा गावातल्या एका कापडदुकानदाराच्या मुलाला बोटीवर नोकरी करणाऱ्या मामाने परदेशातून एक खोका आणून दिला. आत आठ बाजूंचे, वीस बाजूंचे फासे आणि एक इंग्रजी पुस्तक. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक वीर व्हायचं, आपला वीर काय करतो, काय बोलतो ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. शब्दकोश घेऊन निम्मं पुस्तक आम्ही लावलं, निम्मं मनाने ठोकून दिलं. दुकानदाराचा मुलगा गोष्ट सांगायचा. खेळणारे तिघे: मी, पोस्टमास्तरांचा मुलगा, आणि शेजारच्या इन्सुली गावाहून सायकल हाणत येणारा एक शेतकऱ्याचा मुलगा. दर रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून बसायचो.

महिन्याभरात भांडणं सुरू झाली. कोणाला किती जखमा, कोणाचे किती बाण उरले, कोणी कोणाला काय कबूल केलं. शेवटी गोष्ट सांगणारा वैतागला. म्हणाला, "आता वहीत आसात ताच घडला. वहीत नाय, ता घडलाच नाय." झालं! त्या दिवसापासून मी तलाठ्याच्या वर गेलो. माडीवर कच्चं टिपायचं आणि घरी येऊन पक्क्या वहीत उतरवायचं, असा माझा शिरस्ता.

इन्सुलीवाल्याचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालत. देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने मागायचं, आणि एकेका मागण्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लिहिलेलं काही नसतं. ज्याने "व्हय" म्हटलं तो साक्षीदार, एवढंच.

एका रविवारी गोष्टीतल्या रानात राखणदार, त्या वाटेचा रक्षक देव, आडवा आला. माझा वीर राजपुत्र. त्याचं भाषण मी घरून लिहून आणलं होतं, ते मोठ्या ऐटीत वाचलं. पोस्टमास्तरांच्या मुलाने जांभई दिली. फाशावर दोन पडले. राखणदार हलेना. मग इन्सुलीवाला उठला. त्याचा वीर साधा लाकूडतोड्या. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि वडिलांच्या आवाजात सुरू केलं, "हे बा राखणदारा! ही पोरां तुझ्या वाटेन चललीत. तेंची काय चूकभूल झाली असात, ती पोटात घाल, नि आडीअडचणीत तेंच्या पाठीशी उभो ऱ्हव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. खालून दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

गोष्ट सांगणाऱ्याने फासा टाकलाच नाही. म्हणाला, "राखणदार वाट सोडता. आणि तुका म्हणता, एक खेपेक मरणाच्या दारातसून तुका परत हाडीन."

घरी येऊन पक्की वही उघडली तेव्हा नाकाला मिरच्या झोंबल्या. मी आठवडाभर घासून लिहिलेलं भाषण गेलं उकिरड्यावर, आणि या गड्याने दोन मिनिटांत राखणदार खिशात घातला! मी लिहिलं, "राखणदार वाटेतून बाजूला झाला." एवढंच. मरणाच्या दारातून परत आणायचा त्याने दिलेला शब्द गाळला. राहून गेला नाही, गाळला. कच्चा कागद चुलीत घातला. कोणी विचारलंच तर बघू, असं स्वतःला सांगितलं.

मग गणपती आले, सहामाही आली, खेळ दोन महिने बंद पडला. दिवाळीनंतर पुन्हा बसलो. एका गुहेत लाकूडतोड्या आम्हा दोघांना मागे ढकलून राक्षसापुढे उभा राहिला. फासा गडगडला आणि एकावर थांबला. एक म्हणजे मरण.

इन्सुलीवाला हसला. "थांब रे. राखणदाराचो शब्द आसा माका."

"काय तरी होता खरा," पोस्टमास्तरांचा मुलगा म्हणाला. गोष्ट सांगणाऱ्याला नीटसं आठवेना. तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी पानं उलटायला लागलो. काय सापडणार नाही ते मला ठाऊक होतं, तरी उलटत राहिलो. "व्हय, होता, लिवचा रवला" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पण जीभ रेटेना. आम्ही आपसात मालवणीशिवाय बोलत नसू, आणि मी चक्क कचेरीतल्या मराठीत म्हणालो, "अशी नोंद नाही."

"वहीत नाय तर नाय," इन्सुलीवाला म्हणाला, आणि आपल्या वीराचा कागद दुमडून खिशात घातला.

त्याच संध्याकाळी मी दोन ओळींच्या मध्ये निळ्या बॉलपेनने ते वाक्य घुसवलं. दौत उघडायचाही धीर नव्हता. दाखवलं मात्र कोणालाच नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या.

इन्सुलीवाल्याने नवा वीर घेतला, पण तो बोलेना. पाळी आली की "मारतंय" म्हणायचा आणि फासा टाकायचा. गाऱ्हाणं नाही, आवाज नाही, काही नाही. खेळ मीठ नसलेल्या पेजेसारखा झाला. तरी तो एक रविवार चुकवत नसे, सायकल हाणत यायचाच. बारावीची परीक्षा आली तशी माडी सुटली. मला हायसं वाटलं, हे सांगायलाही आज लाज वाटते.

नोकरीत असताना मी हजारो नोंदी केल्या आणि एकही गाळली नाही. त्याने काय होतं? निवृत्त झाल्यावर वही पिशवीत घातली आणि इन्सुलीला गेलो. आता देवळात गाऱ्हाणं तो घालतो. त्याच्या घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. त्याने चष्मा लावला, वही हातात घेतली, आणि मी सांगायच्या आधीच ते पान काढलं. काळ्या ओळींमधल्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं.

"मिया मुद्दाम गाळललंय," मी म्हणालो. चाळीस वर्षांनी.

"ठावक आसा माका."

"कसा?"

"अरे, त्या दिवशी सगळ्यात मोठ्यान व्हय म्हाराजा तूच म्हटललंस."

मी वहीकडे बघतच विचारलं, "मगे तेव्हाच बोललंस कित्या नाय?"

त्याने वही मिटली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"वही तुझी होती रे. वाटला, आज ना उद्या तू आपणच सांगशीत. म्हणानच तर दर रविवारी येय होतंय."