मेंदूतील काथ्या

मी, विनायक सखाराम जोगळे, वय वर्षे एकाहत्तर. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सारे माझे मी वाचले. निवृत्तीनंतर पेणमधील एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींवर डकवायच्या, गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या मी लिहीत असे. कारखान्यात किस्से धुळीसारखे साठतात. झाडायला जावे, तर आपल्याच अंगावर येतात. नव्वद सालानंतरच्या हंगामांतील काही येथे झाडतो आणि थांबतो. हल्ली लवकर दमायला होते.

*

मूर्ती कोणीही रंगवो, तिला नजर मधूच देई. डोळ्यांची आखणी त्याच्याशिवाय कोणाच्या हाती नव्हती. या मधूला फीट येई.

एकदा तो रंगाच्या वाट्यांसह कोसळला. प्लास्टर कालवणारा गजा चप्पल घेऊन धावला. मी त्याला रोखले. "चप्पल हुंगवणे सर्वस्वी अशास्त्रीय आहे! त्याला कुशीवर वळवा."

गजाने मला आपादमस्तक न्याहाळले. "मंग तुमचा बूट द्या, नाना. तो तरी शिकलेला हाय!"

*

फीट येऊन गेली की मधू दोन दिवस गोंधळलेला असे. आधी उजवा डोळा की डावा, हेही त्याला आठवत नसे. तिसऱ्या दिवशी हात पुन्हा चाले. पुढे तिसऱ्याचा चौथा झाला, चौथ्याचा पाचवा. मधूला दुसरे कोणतेही काम येत नव्हते.

मी रद्दीतून एक इंग्रजी विज्ञान मासिक मिळवले आणि शब्दकोश घेऊन चार संध्याकाळी बसलो. पाचव्या दिवशी सर्वांना समजावून सांगितले, "मेंदूतील पेशी परस्परांना जिथे भिडतात, त्या सांध्याला आकार देणारी प्रथिने असतात. वारंवार फीट आली की ती तुटतात, विस्कटतात. सांधा ढिला पडतो, निरोप नीट पोचत नाही. उंदरांच्या मेंदूत हे दिसून आलेले आहे."

गजा साच्यातल्या प्लास्टरवर, ते धरून ठेवणारा नारळाचा काथ्या पसरत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हंजे काथ्या! तो तुटला की सोंड गळते."

चार संध्याकाळी! मी शब्दकोश मिटला.

मधूने हळूच विचारले, "तुटलेला काथ्या परत भरता येतो का, नाना?"

"मासिकात तसे स्पष्ट लिहिलेले नाही," मी म्हणालो. खरे तेच सांगितले. पण ते सांगताना बरे वाटले नाही.

*

मधूची बायको सुनंदा. तिचे माहेर रोह्याला लागून असलेले वरसे. माझ्या विवेचनातील 'प्रथिने' एवढाच शब्द तिच्यापर्यंत पोचला. तिने माहेराहून वाल मागवले. दुपारी डब्यात वालाचे बिरडे, संध्याकाळी घरी वालाचे बिरडे!

दहाव्या दिवशी मधू पोट धरून म्हणाला, "नाना, फीट परवडली."

मी सुनंदेला बजावले, "प्रथिने वालातून थेट मेंदूत जात नसतात."

"मंग कशातून जातात, नाना? तुमच्या मासिकातून?"

*

रोह्यात महिन्यातून एकदा मुंबईचे मेंदूचे डॉक्टर येत. वडखळ, नागोठणे करीत आम्ही तिघे एस.टी.ने गेलो. वाटेत मी इंग्रजी वाक्ये मनाशी घोळवीत होतो.

डॉक्टरांनी माझे 'स्ट्रक्चरल प्रोटीन्स' दोन मिनिटे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आजोबा, वाचन चांगलं आहे तुमचं. हे फीटच्या गोळ्या रोज घेतात का?"

मला ठाऊक नव्हते! उंदरांपर्यंत जाऊन आलो होतो. शेजारी बसलेल्या माणसाला एवढे विचारले नव्हते.

मधू जमिनीकडे पाहत म्हणाला, "हंगामात नाय घेत."

"अवो!" सुनंदा ओरडली.

"गोळीनं डोळे झोपाळू व्हतात, डॉक्टर."

"थोडी झोप येणारच."

"माझे नाय. गणपतीचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. मधूच्या रंग लागलेल्या बोटांकडे पाहिले. "प्रमाण थोडं बदलून देतो," ते म्हणाले, "पण मनानं गोळी बंद केलीत, तर फीट अधिक जोरात येईल. सोडायची नाही."

परतताना नागोठणे आले. तिथे मधू म्हणाला, "आनी हात गेला तर?"

"आनी तुमी गेलात तर?" सुनंदा म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

*

त्या हंगामात मधूने गोळ्या घेऊन आखणी केली. गणपतींच्या पापण्या किंचित खाली उतरल्या होत्या. ते सर्वांना दिसले. गजाने न सांगता मूर्तींच्या तोंडांवर फडकी टाकली, यावरून काय ते ओळखावे!

मूर्ती न्यायला पहिली आली ती मिठागरात काम करणारी एक म्हातारी, सुनेला घेऊन. दरवर्षी येणारी. मी चिठ्ठी वाचून मूर्ती पुढे केली आणि तोंडावरचे फडके काढले. मधू फडक्याला हात पुसू लागला. हात कोरडेच होते.

म्हातारीने वाकून मूर्तीच्या डोळ्यांत पाहिले.

"बघ गो सूनबाय," ती म्हणाली, "यंदा देव दमून आलाय."

मधूने मान खाली घातली.

"नीट घे डोक्यावर. आपल्याच घरचा वाटतोय."

त्यानंतर मधूने गोळी चुकवली नाही. फीट येणे जवळजवळ थांबले. आमच्या कारखान्यातील गणपतींचे डोळे तेव्हापासून किंचित मिटलेले असतात.