आम्ही जिंकलो का, सर?

"सर, एक विचारू?" फाटकाची कडी काढता काढता ते म्हणायचे आणि हो-नाहीची वाट न बघता विचारायचे, "आम्ही तिथं जिंकलो का हरलो?"

तिथं म्हणजे श्रीलंकेत. ते आमच्या ऑफिसचे वॉचमन. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि नोकरीचा शेवटचा काळ शांतिसेनेबरोबर जाफन्याच्या बाजूला काढून आलेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचं, पण घरात मराठी. मी पुण्याहून बदलून आलेला. त्यामुळे हा प्रश्न मला मराठीत यायचा, बाकीच्यांना कन्नडमध्ये.

तुमच्याही ऑफिसच्या दारात असा कुणी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपण त्याला काहीतरी उत्तर देतो आणि आत जातो. मॅनेजर म्हणायचे, जिंकलो. कॅशियर म्हणायचा, मुळात जायलाच नको होतं. अण्णा दोघांनाही "सरी, सरी" म्हणजे बरं, बरं, असं म्हणत मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. मला आधी वाटलं, माणूस थट्टा करतोय. तो करत नव्हता.

बसवनगुडीतल्या आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी मोठी झाडं आणि झाडांखाली मातीची गार पायवाट. अण्णा मात्र भर उन्हात डांबरावरून चालायचे. गाडीवाले शिव्या द्यायचे. एकदा मी हाताला धरून त्यांना बाजूला ओढलं, तर ते एका पायावर तसेच उभे. दुसरा पाय टेकवेनात.

"मातीत नको, सर," ते म्हणाले. "खाली काय आहे, काय की."

एकदा डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं.

"आम्ही गेलो तेव्हा लोकांनी हार घातले, सर. आमच्या चौकीजवळ कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारी होती. रोज आम्हाला शहाळी द्यायची. तिच्याकडूनच मी स्वल्प तमिळ शिकलो. मग सगळं उलटलं. हार घालणारेच गोळ्या घालायला लागले. तिच्या घरापुढं सुरुंग फुटला आणि माझा जोडीदार गेला. त्या सकाळीच तिनं त्याला शहाळं दिलं होतं."

"मग तिचं काय केलंत?"

"हात वर करायला लावले. सारं घर उसकटलं. काही मिळालं नाही. ती रडत रडत काहीतरी सांगत होती, पण ते कळण्याएवढं तमिळ मला येत नव्हतं." त्यांनी डब्यातला भात कालवला. "तिला माहीत होतं का नव्हतं, सर? तेवढं कळलं असतं तरी पुरे होतं."

आमच्या फाटकासमोर एक तमिळ बाई फुलं विकायला बसायची. अण्णा तिच्याशी कधी बोलत नसत. ती शेजारणीशी तमिळमध्ये बोलायला लागली की पाठ फिरवून उभे राहायचे. आम्ही आपसांत ठरवूनच टाकलं होतं, यांचा तमिळ माणसांवर राग आहे.

मग कावेरीच्या पाण्यावरून शहर पेटलं. तमिळ लोकांची दुकानं, घरं शोधून शोधून जाळत होते. आम्ही ऑफिसात अडकलो. खिडकीतून पाहिलं तर फुलवाली टोपली टाकून भिंतीला चिकटून उभी, आणि रस्त्याच्या टोकाला घोळका. आमच्यातला कुणी काही बोलायच्या आत अण्णा रस्ता ओलांडून गेले, तिला दंडाला धरून आत आणलं आणि फाटकाला कुलूप घातलं.

घोळका आलाच. "ओळगे यारिद्दारे?" आत कोण आहे, एकानं दरडावून विचारलं.

अण्णा काठी आडवी धरून उभे होते. "नम्म अक्का," ते म्हणाले. आमची बहीण. आवाज इतका साधा, की क्षणभर मलाही खरं वाटलं. त्या लोकांनी अण्णांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, फाटकावर दोन-चार दगड मारले आणि पुढं गेले. आमच्या जिवात जीव आला. कुणीतरी फुलवालीच्या हातात पाण्याचा पेला दिला.

तेवढ्यात कोपऱ्यावर जळणाऱ्या गाडीचा टायर फुटला. फुलवाली घाबरून तमिळमध्ये ओरडली. अण्णा गर्रकन वळले. काठी बंदुकीसारखी खांद्याला लावलेली, तिच्यावर रोखलेली.

"कैय्यै तूक्कु!"

तमिळ न येणाऱ्यालाही कळावं, हात वर. तिच्या हातातला पेला पडला. तिनं हात वर केले. आम्ही जागच्या जागी. अण्णा ओरडतच राहिले, तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा, आणि तिचे हात तर केव्हाचे वर होते.

शेवटी तीच बोलली. कन्नडमध्ये, तापात बरळणाऱ्याला समजवावं तशी. "नानु, अण्णा. हू मारोळु." मी आहे, अण्णा. फुलं विकणारी.

काठी खाली आली. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं, एकेकाकडं. आपण कुठं आहोत हे आमच्या तोंडांवरून ओळखू पाहत असावेत. मग जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

कर्फ्यू उठल्यावर ते आले ते साध्या सदऱ्यात. टोपी, शिट्टी आणि काठी त्यांनी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. मी मागोमाग फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, "अण्णा, तुम्ही तिला वाचवलंत."

"वाचवलं का, सर? तुम्ही बघत होता ना? तुम्हीच सांगा. ती जास्त कुणाला भ्याली? बाहेरच्यांना का मला?"

'बाहेरच्यांना' म्हणणं सोपं होतं. पण मी तिचा चेहरा पाहिला होता. अण्णा वाट पाहत थांबले, मग "सरी" म्हणाले आणि गेले. नंतर मी त्यांच्या खोलीवर गेलो, बेंगळूरच्याच शिवाजीनगरात, तर कुलूप. घरमालक म्हणाला, कोलारकडं भाऊ आहे, तिकडं गेले असतील. नक्की त्यालाही माहीत नव्हतं.

फुलवाली मात्र काही आठवड्यांनी पुन्हा आपल्या जागेवर येऊन बसली. एक दिवस धीर करून मी तिला अण्णांनी जाताना मला विचारलं होतं तेच विचारलं, जास्त कुणाला भ्यालीस, बाहेरच्यांना का अण्णांना, माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. तिला ते समजलं की नाही, देव जाणे. ती माळ बांधत राहिली. दातानं दोरा तोडला, वर पाहिलं आणि विचारलं, "मल्लिगे का कनकांबर?" मोगरा देऊ का अबोली?

मला सांगता येईना. मग तिनंच दोन्ही फुलं पानात बांधून माझ्या हातात दिली.